मांजर घरातच असते, आजारी नाही. तरी दरवर्षी डॉक्टरकडे न्यायचं का?

तुमची मांजर ४ वर्षांची, फ्लॅटबाहेर पाऊल टाकत नाही, खाते-खेळते. तरी दरवर्षी तपासणीला नेणं खरंच गरजेचं, की ही नुसती डॉक्टरांची कमाई, असं तुम्ही विचारलंय.

न्या. मीही तुमच्याइतकीच निश्चिंत होते, म्हणून सांगते.

आमची ठकी तेव्हा १० वर्षांची होती. लहानपणी लशी झाल्या, नसबंदी झाली. पुढे आम्ही घर बदललं, जुने डॉक्टर लांब पडले, शिवाय पिशवीत कोंबताना दरवेळी माझ्या हातावर ओरखडे. आज नेऊ, उद्या नेऊ करत ३ वर्षं गेली. मग एका एप्रिलमध्ये ती बाथरूममधल्या बादलीच्या काठावर पुढचे पाय टेकवून पाणी प्यायला लागली. स्वयंपाकघरात वाटी भरलेली असायची, तरी. आम्हाला मजा वाटली. फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकले. तिच्या शू-शीच्या ट्रेमधल्या वाळूत, म्हणजे लिटरमध्ये, लघवीने होणारे गोळेही मोठे व्हायला लागले होते. ते रोज उचलणारी मीच, पण उन्हाळा आहे, पाणी जास्त पिते, म्हणून सोडून दिलं.

जूनमध्ये कसाबसा मुहूर्त लागला, तोही लशीसाठी. डॉक्टरांनी आधी वजनकाट्यावर ठेवली. ३.४ किलो. जुन्या कार्डावर होतं ४.२. मी म्हटलं, ८०० ग्रॅम तर आहेत. त्यांनी माझं वजन विचारलं. ६० म्हटल्यावर म्हणाले, "तुमचे ११ किलो उतरले असते तर घरात कुणाच्या लक्षात आलं नसतं का?" एवढ्या दाट केसांखाली पाठीचा कणा हाताला लागत होता आणि मी तिला रोज मांडीवर घेत होते!

रक्त तपासलं तर क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं रक्तातून गाळून टाकतात तो टाकाऊ पदार्थ, वाढून ३.६ आलं. मूत्रपिंडाचा आजार, चारपैकी तिसरा टप्पा. यातली गोम अशी की मूत्रपिंडांची जवळपास पाऊण क्षमता जाईपर्यंत क्रिएटिनिन ठळकपणे वाढत नाही, आणि गेलेली क्षमता परत येत नाही. मांजर तर दुखणं लपवण्यात पटाईत. ती जशी शिकारी, तशीच मोठ्या प्राण्यांची शिकारही. अशक्तपणा दिसू न देणं तिच्या रक्तातच आहे. त्यामुळे 'आजारी दिसत नाही' हे आपल्याला वाटतं, तेवढंच. काट्यावरचा आकडा मात्र खरा, आणि तोही मागच्या वर्षीचा आकडा हाताशी असेल तरच कामाचा. आमच्याकडे मधल्या ३ वर्षांचे नव्हते.

ठकी त्यानंतर अडीच वर्षं जगली. मूत्रपिंडासाठीचं वेगळं खाणं, औषधं आणि दिवसाआड कातडीखाली सलाईन. बाटली पडद्याच्या दांडीला टांगायची, ठकी जेवणाच्या टेबलावर टॉवेलात गुंडाळलेली. पहिल्या दिवशी सुई माझ्याच बोटात गेली.

सासूबाई म्हणायच्या, "मांजराला कसला गं डॉक्टर? गावाला मांजरं आपली माळ्यावर जगायची." जगायची खरी. किती वर्षं, ते कुणी मोजलं नव्हतं.

आता तुमच्या मांजरीचं. वर्षाच्या तपासणीत फार काही भयंकर नसतं: वजन, दात-हिरड्या, कान, हृदयाचे ठोके, पोट चाचपून बघणं. दातांकडे आपलं लक्षच जात नाही. दात सडला तरी मांजर जेवत राहते, फक्त एका बाजूने चावते. सातएक वर्षांनंतर रक्त, लघवी आणि रक्तदाबही बघून घ्यावा, १० नंतर वर्षातून दोनदा न्यावं. जंताचं औषध किती दिवसांनी द्यायचं, तेही तिथेच ठरवून घ्या.

लशीबद्दल, 'घरातच असते' हे कारण मलाही पटायचं. पण पॅनल्युकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू फार चिवट, आपल्या चपलांबरोबरही घरात येतो. रेबीज तर आपल्याकडे आहेच, आणि एकदा दरवाजा उघडा राहायचा अवकाश. तिहेरी लशीचा (पॅनल्युकोपेनिया आणि मांजरांच्या सर्दीचे दोन विषाणू, अशा तिघांवरची एकच लस) पुढचा डोस कधी, हे डॉक्टर ठरवतील. रेबीजची आपल्याकडे साधारण दरवर्षी देतात.

नेहमीचा डॉक्टर असण्याचा आणखी एक फायदा: अडल्यावेळी फोन करता येतो. नाहीतर माणसं घरातली गोळी देऊन मोकळी होतात. पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे, अर्धी गोळीही जिवावर बेतू शकते. कुत्र्याचं गोचिडाचं औषधही लावू नका. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजर आकडी येऊन मरू शकते. आणि कधी बोका पाळलात, तो ट्रेमध्ये बसून नुसता कुंथतोय, लघवी होत नाहीये असं दिसलं, तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री न्या. मार्ग तुंबला असेल तर एक-दोन दिवसांत जीव जातो.

लहान गावात असाल तर सरकारी दवाखान्यात गाई-म्हशींचीच गर्दी असते. मांजराचं रक्त तपासतात का, ते आधी फोन करून विचारा. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. यातलं एखादं जवळ असेल तर तिथेही चौकशी करा.

राहिले ओरखडे. पिशवी नको, कडक प्लॅस्टिकचा पिंजरा घ्या, वरून उघडणारा. डॉक्टरकडे जायच्या दिवशी माळ्यावरून काढू नका. बारा महिने हॉलमध्ये दार उघडं ठेवून, आत जुनी साडी घालून ठेवा. आमचा आत्ताचा बोका, बंड्या, दुपारचा त्यातच झोपतो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी त्याला पिंजऱ्यासकट सामान तोलायच्या काट्याला अडकवते आणि पिंजऱ्याचं वजन वजा करून कॅलेंडरवर लिहिते. या महिन्यात ५.१ भरला, गेल्या महिन्याइतकाच.