ज्याला कधी पाहिलंही नाही, अशा रेडिओ निवेदकाच्या जाण्याचं एवढं दुःख का होतं?

अमीन सयानी गेल्याचं कळलं तेव्हा तुमचे वडील दिवसभर गप्प होते, असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्या मनातलं मला कसं कळणार? माझं सांगतो.

सोलापुरात कन्ना चौकाच्या मागे एका बोळात आमच्या दोन खोल्या होत्या. वडील मिलमध्ये, आई घरी विड्या वळायची. शेजारची अक्का तेलुगू, पलीकडचे किराणावाले कन्नड, कोपऱ्यावरच्या घरात दखनी बोलायचे. रेडिओ मात्र आमच्याकडेच. बुधवारी रात्री आठच्या आधी बाया आपापली सुपं घेऊन आमच्या दारात बसायच्या. रेडिओ सिलोन हे लंकेचं केंद्र शॉर्टवेव्हवर लागायचं, त्यामुळे आवाज जवळ यायचा, लांब जायचा, मधेच नुसती खरखर. मग आई उठायची आणि बटण केसभर फिरवायची. त्या बटणाला कायम तंबाखूचा वास असे.

सयानींचा हा बुधवारचा गाण्यांचा कार्यक्रम, ‘बिनाका गीतमाला’, सुरू झाला १९५२ साली. तेव्हा आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपारच झाली होती. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मुंबईत व्हायचं, टेप कोलंबोला जायची आणि तिथून तो आवाज समुद्र ओलांडून आमच्या बोळात यायचा. हे मला फार उशिरा कळलं. लहानपणी वाटायचं, हा माणूस लंकेतच राहतो.

गाणी काय, इतरही लावत होते. सयानींची भाषा वेगळी होती. त्यांच्या आई कुलसुम सयानी गांधीजींच्या सांगण्यावरून ‘रहबर’ नावाचं पाक्षिक काढायच्या, नुकतंच वाचायला शिकलेल्यांसाठी. मजकूर सोप्या हिंदुस्तानीत, आणि तोच नागरी, उर्दू, गुजराती अशा तिन्ही लिप्यांत. अमीन लहानपणापासून त्या कामात हाताखाली असायचे. म्हणून तर ते गाण्यांच्या क्रमाला नंबर म्हणायचे नाहीत, ‘पायदान’ म्हणायचे, म्हणजे पायरी. आमच्या आईला हिंदी धड येत नव्हतं, अक्काला तर मराठीही बेताचंच, पण सयानी काय म्हणाले हे कुणालाच समजावून सांगावं लागलं नाही. चार भाषांच्या त्या बोळात सगळ्यांना एकदमच हसू यायचं. असं मी नंतर कुठेच पाहिलं नाही. शेवटच्या पायदानाला बिगुल वाजला की आईची कात्री थांबायची. एरवी ती जेवतानाही थांबल्याचं मला आठवत नाही, हजार विड्या पुऱ्या करायच्या असायच्या.

ते गेले २० फेब्रुवारी २०२४ ला, मुंबईत, हृदयविकाराच्या झटक्याने. वय ९१. मला बातमी दुसऱ्या दिवशी कळली, आणि तो नेमका बुधवार होता. आई जाऊन बरीच वर्षं झालीत, पण आधी तिलाच सांगावंसं वाटलं. मग अक्काला फोन केला. ती आता ऐंशीच्या पुढे आहे, नीट ऐकू येत नाही. दोनदा नाव सांगितल्यावर ती म्हणाली, “भैनो और भाइयो म्हणायचा तो?”

मी हो म्हणालो.

बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आमचं नाव आधी घेत होता की रे तो.”