टर्बो राहू दे बाजूला, त्या पत्रावरची तारीख बघा

निपाणीच्या एका वाचकाचा प्रश्न थोडक्यात असा. 1.2 लिटरची पेट्रोल हॅचबॅक, केए-23 पासिंग, रोज कामावर जायची गाडी. 2023 च्या दिवाळीत कोल्हापुरातल्या एका गॅरेजात टर्बो बसवून घेतला, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबून ताकद वाढवणारा पार्ट, लो बूस्ट, म्हणजे त्या हवेचा दाब कमी ठेवलेला, 0.3 बार. जानेवारी 2024 मध्ये तवंदी घाटाच्या पायथ्याला ट्रॅफिकमध्ये उभे असताना मागून उसाच्या ट्रॅक्टरने ठोकलं, गाडी पुढच्या ट्रकवर जाऊन आदळली, दोन्हीकडून चेपली. सर्व्हेअरने बोनेट उघडून टर्बोचे फोटो काढले आणि विमा कंपनीने 19 एप्रिल 2024 च्या पत्राने क्लेम नाकारला, कारण एकच लिहिलंय, न कळवता केलेला मटेरियल बदल, म्हणजे विम्याच्या जोखमीवर परिणाम करणारा बदल. आता विचारतात, टर्बो बेकायदेशीर आहे का, आणि असला तरी मागून दुसऱ्याने ठोकल्यावर त्याचा संबंध काय?

असले प्रश्न सारखे येतात, कुणाचा सायलेन्सर, कुणाचा इंजिनच्या कॉम्प्युटरचा रिमॅप, कुणाचे रुंद टायर, आणि प्रत्येकाला वाद त्या पार्टवर घालायचा असतो. तुमच्या मेलमध्ये दीड पान टर्बोवर आहे. तारीख शेवटच्या ओळीत, ती पण फोटोत दिसली म्हणून मला कळली.

ग्राहक संरक्षण कायदा 2019, कलम 69. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत ग्राहक आयोगात तक्रार दाखल करायची. पत्रापासून मोजलं तर तुमची मुदत 19 एप्रिल 2026 ला संपते, आणि आज फेब्रुवारी चाललाय. त्या दिवशी रविवार आहे, म्हणजे सोमवारी चालेल असं कुणीतरी सांगेलच, त्याच्या भरवशावर अजिबात राहू नका. कंपनीचा वकील तर अपघाताच्या दिवसापासूनच मोजायला बघेल, म्हणजे त्याच्या हिशोबाने तुम्ही गेल्या महिन्यातच बाद. तुम्ही क्लेम वेळेत टाकला होता, कंपनीने तो तपासून मग नाकारला, त्यामुळे पत्राची तारीख धरावी असं आपण म्हणू शकतो आणि ते बहुतेक टिकेल, पण 19 एप्रिल उलटला की म्हणायलाच काही उरत नाही.

मधली पावणेदोन वर्षं काय केलं तर एजंटला फोन. तो म्हणाला वरती बोलतो, मॅनेजर बदललाय, मार्च एंडिंग होऊ दे. एजंट फिरवालाय आणि तुम्ही फिरालाय! अहो, नकार लेखी आल्यावर एजंटच्या हातात काही राहत नाही, आणि नंतर कितीही मेल टाकले तरी मुदत वाढत नाही. विलंब माफीची सोय कलम 69 मध्येच आहे, पण पुरेसं कारण लागतं, एजंटने थांबायला सांगितलं हे कारण मी तरी छातीठोकपणे मांडणार नाही. विमा लोकपालाकडे फुकटात जाता आलं असतं, तिथे मुदत एक वर्षाची, तो दरवाजा बहुतेक बंद झालाय.

आता कोल्हापूर की बेळगाव. जुन्या कायद्यात हा मोठा घोळ होता, नव्यात कलम 34 प्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे बेळगावचा जिल्हा आयोग. पॉलिसी कंपनीच्या कोल्हापूर शाखेची आहे म्हणून कोल्हापूरही चालेल, तुम्हाला जवळ पडतं, कागद मराठीत चालतात. मात्र यावर घरात महिनाभर चर्चा नको. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल होतं, तुम्ही भरलेल्या प्रीमियमएवढ्या रकमेला फी लागत नाही. कायद्यात निकाल तीन महिन्यांत द्यायचा असं लिहिलंय, ते वाचून खूश होऊ नका, प्रत्यक्षात वर्षं जातात, तारखेवर गेलात तर कधी सदस्यच नेमलेला नसतो.

टर्बोबद्दल. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 म्हणतं, गाडी बनवणाऱ्या कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. सीएनजी-एलपीजी किटला त्यात वाट ठेवलीय, मंजूर किट बसवा आणि आरसीवर नोंद करून घ्या. टर्बोला तशी वाट नाही. गॅरेजवाला सांगतो सीसी तोच, इंजिन नंबर तोच, पीयूसी पण पास होते, मग बदललं काय? पीयूसीत तुमच्या पेट्रोल गाडीचा उभ्या उभ्या धूर तपासतात, बूस्टवर इंजिन काय करतंय ते त्या मशीनला कधीच दिसत नाही, आणि लो बूस्ट हा पिस्टनच्या तब्येतीचा विषय आहे, कलम 52 मध्ये लो आणि हाय असे खाने नाहीत. 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने केरळच्या प्रकरणात हे कलम कडक वाचलंय, विमा कंपनीचा वकील तोच निकाल टेबलावर ठेवणार. त्याच कायद्याच्या कलम 182-ए खाली प्रत्येक बदलाला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. तक्रारीत शपथेवर टर्बो होता म्हणून लिहावं लागणार, हे समजून सही करा. नव्हताच असं लिहायचा विचार मेलमध्ये दिसला, तो सोडा, फोटो त्यांच्याकडे आहेत, डॅशवरच्या बूस्ट गेजसकट.

तरी गुणांवर केस वाईट नाही. गाडी उभी होती, उभ्या गाडीत टर्बो असला काय नसला काय. 2010 च्या अमलेंदु साहू प्रकरणात सुप्रीम कोर्टाने अटीचा भंग झाला तरी क्लेम पूर्ण नाकारू नये, नॉन-स्टँडर्ड, म्हणजे अटी पूर्ण न पाळलेला क्लेम, धरून 75 टक्क्यांपर्यंत द्यावा अशी भूमिका घेतली. तिथे वाद गाडी भाड्याने चालवल्याचा होता, इंजिनमधल्या बदलाला तेच लागेल असं मी लिहून देणार नाही, पण 2,40,000 च्या एस्टिमेटवर मागायला ती जागा आहे. शिवाय पत्रात नसलेलं कारण कंपनीला नंतर काढता येत नाही, म्हणून ते पत्र लॅमिनेट बिमिनेट न करता मूळ जसं आहे तसं सांभाळा.

यासाठी दोन कागद लागतात. पहिला पोलिसांचा पंचनामा. कानडी वाचता येत नाही म्हणून बघितलाच नाही असं लिहिलंय तुम्ही, धन्य आहे! शेजारच्या कॉलेजच्या पोराकडून आजच वाचून घ्या, गाडी "निंतिद्द" म्हणजे उभी होती असं त्यात आहे की नाही यावर सगळा युक्तिवाद उभा आहे, मग त्याची सर्टिफाइड कॉपी आणि इंग्रजी भाषांतर जोडा. दुसरा, टर्बो बसवल्याच्या तारखेचा पुरावा. पॉलिसी तुम्ही सप्टेंबर 2023 ला रिन्यू केली, टर्बो दिवाळीत, म्हणजे रिन्यू करताना "बदल नाही" म्हटलेलं तेव्हा खरंच होतं. गॅरेजच्या चिठ्ठीवर तारीख नाही, ती आता घालून घेऊ नका, 90,000 यूपीआयने दिलेत ना, बँकेचं स्टेटमेंट काढा.

ट्रॅक्टरवाल्याच्या थर्ड पार्टी विम्यावर नुकसानीचा दावा हा वेगळा रस्ता, तिथली सहा महिन्यांची मुदत केव्हाच गेली, त्या मुदतीलाच सुप्रीम कोर्टात आव्हान आहे, तेव्हा कागद घेऊन आलात तर बघू. गॅरेजवर केस करायचं म्हणता, ते सध्या नको. जे काम करायलाच बंदी आहे ते नीट केलं नाही म्हणून भरपाई मागायला गेलात तर आयोग पहिला प्रश्न तुम्हालाच विचारेल.