ताकद आहे, तरी तोल का जातो?

तुम्ही लिहिलंय की आप्पांचं वय 66, पंधरा वर्षं मधुमेह, तरुणपणी तालमीत घाम गाळलेला, मांड्या अजून भक्कम. तरी बेसिनवर डोळे मिटून तोंड धुताना झोकांडी जाते आणि पायातली चप्पल कधी निसटली ते कळत नाही. घरचे म्हणतात अशक्तपणा, बदाम-दूध वाढवा. कोल्हापुरात बावीस वर्षं फिजिओथेरपी करतोय, त्या अनुभवावरून सांगतो: दुधानं हे जाणार नाही. आप्पांच्या पायाची खबर मेंदूला नीट पोचत नसावी.

आप्पांनाच विचारा. खासबागेच्या कुस्ती मैदानात पकड बसल्यावर तोंड समोरच्याच्या पाठीत दाबलेलं असतं, स्वतःचे पाय दिसतही नाहीत. तरी कुठला पाय किती वाकलाय, भार कुठं आहे, हे पैलवानाला कळतं. ती खबर देतात स्नायूंतले ताण ओळखणारे तंतू, कंडरा आणि तळव्याची कातडी. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ शेरिंग्टननं 1906 मध्ये न बघता अंगाची जागा कळण्याच्या या भानाला प्रोप्रियोसेप्शन हे नाव दिलं. घोटा कलंडला की ही खबर मज्जारज्जूतून फिरून सेकंदाच्या सुमारे विसाव्या भागात स्नायू आवळते. नुसतं डोळ्यांनी बघून सावरायला साधारण पाचवा भाग लागतो. तेवढ्यात माणूस खाली असतो.

इयान वॉटरमन या इंग्रज माणसाचं हे भान 1971 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, आजारानं मानेखाली पूर्ण गेलं. स्नायू शाबूत, पण बसताही येईना. पुढं प्रत्येक हालचाल डोळ्यांनी बघत तो चालायला शिकला. दिवे गेले की मात्र कोसळायचा. आप्पांचं यातलं थोडंसं झालं असावं. मधुमेहात पायाच्या नसा आधी बधिरतात, मग डोळे ती उणीव भरून काढतात. तोंडावर पाणी मारताना नेमके तेच मिटतात.

डॉक्टरांना पायाच्या अंगठ्यावर ट्यूनिंग फोर्क (ठोकला की थरथरणारा धातूचा चिमटा) लावून कंपन कळतं का बघायला सांगा. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर रक्तातलं बी-12 जीवनसत्त्व तपासाच, कारण या गोळीनं ते घटू शकतं आणि त्यानंही नसा बधिरतात. ते कमी असेल तर उपचार आहे, पण उशीर नको. रात्री मोरीपर्यंत दिवा ठेवा, मागं पट्टा असलेली चप्पल द्या, आणि तळवे रोज तुम्ही स्वतः बघा, कारण जखम झाली तरी त्यांना कळणार नाही.

तोंड मात्र आजपासून स्टुलावर बसून धुवायचं. उभं राहावंच लागलं तर एका हाताचं बोट बेसिनच्या कडेला टेकलेलं असू दे. भार द्यायची गरज नाही. नुसत्या स्पर्शानंही झोकांडी कमी होते, कारण पायानं न दिलेली खबर ते बोट देतं.