शंका तुमच्या: ‘करलं’, ‘म्हटला’ आणि ‘मला बोलले’

एका आजींचं पत्र: माझा नातू हल्ली ‘मी हे करलं’ म्हणतो. लहान होता तेव्हा नीट ‘केलं’ म्हणायचा. घरात असं कोणीच बोलत नाही. त्याचं मराठी बिघडतंय का?

आजी, उलट त्याला व्याकरण यायला लागलंय. आधी तो ऐकलेलं जसंच्या तसं म्हणत होता. आता त्याने नियम हेरलाय: धरणे-धरलं, भरणे-भरलं, मग करणे-करलं का नको? त्याच्या तर्कात काही खोट नाही. ‘केलं’ची वंशावळच वेगळी आहे. कृत, गत, मृत ही संस्कृत रूपं प्राकृतात कय, गय, मय झाली, त्यांना ‘इल्ल’ हा प्रत्यय जोडला गेला आणि केला, गेला, मेला हे तिघे भाऊ जन्मले. म्हणजे ‘कर’ला ‘ला’ लावून ‘केला’ झालेलाच नाही. रोज तोंडात असल्यामुळे ही रूपं शाबूत राहिली. वापर कमी असला की नियम वरचढ ठरतो. ‘प्यालो’च्या जागी ‘प्यायलो’ आता सर्रास दिसतं, आणि मुद्रितं तपासताना मी त्याला हात लावत नाही. नातवाला टोकू नका. ‘अरे वा, तू केलंस?’ एवढंच म्हणा. ‘करलं’ आपोआप गळून पडेल. (मला तर ते ऐकायला गोड वाटतं.)

एका शिक्षकांची तक्रार: ‘तो म्हटला’, ‘त्याने म्हणाला’, ‘तिने साडी नेसली’ वाचून डोकं उठतं. एकदा नियम छापा!

छापते, पण त्याला फाटे आहेत. भूतकाळात सकर्मक (कर्म घेणाऱ्या) क्रियापदाचा कर्ता तृतीयेत, म्हणजे ‘ने’च्या विभक्तीत, जातो: त्याने पत्र लिहिलं. ही रीत फार जुनी. श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेल्या ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ (श्रीचावुंडराजाने करवलं) या जुन्या लेखातलं ‘राजें’ म्हणजे तृतीयाच. मात्र नेसणे, शिकणे, विसरणे, पिणे ही मंडळी कर्म असूनही ‘ने’ला दाद देत नाहीत: ती साडी नेसली, तो कविता विसरला. ‘म्हणणे’ तर दोन्ही घरचा पाहुणा. तो म्हणाला, पण त्याने म्हटलं. तुम्हाला खटकते ती या दोहोंची सरमिसळ, आणि ती मलाही खटकते. ‘म्हंटलं’वरचा अनुस्वार मी दिसेल तिथे खोडते. ‘म्हणलं’, ‘बघलं’ यांच्यावर मात्र माझा राग नाही. ती बोलीतली रूपं आहेत, कथेतल्या संवादात तर ती हवीतच. बातमीत किंवा अर्जात ‘म्हटलं’, ‘बघितलं’ लिहावं.

एका विद्यार्थिनीची शंका: ‘सर मला बोलले की उद्या सुट्टी आहे’ यात काय चुकलं? मैत्रिणी हसल्या.

हसणारच! ‘आई मला बोलली’ म्हणजे आई रागावली. सुट्टीची बातमी देताना सर कशाला रागावतील? ‘सर मला म्हणाले’ किंवा ‘सरांनी मला सांगितलं’ असं लिही. गप्पा झाल्या असतील तर ‘सर माझ्याशी बोलले’. आणि सुट्टी दिल्यावर खरोखरच ओरडले असतील, तर तुझं वाक्य अगदी बरोबर आहे.