तुमचे प्रश्न : पेटीचा गंधार आणि तानपुऱ्याचा गंधार

प्रश्न : माझी मुलगी सहा वर्षं पेटीवर गाणं शिकली. प्रवेशिका पूर्णही चांगल्या गुणांनी झाली. आता नव्या गुरुजींनी पेटी बंद करायला सांगितलंय. 'गंधार चढा लागतोय' असं ते रोज म्हणतात. घरी येऊन ती पेटीवर पट्टी दाबून बघते, तर सूर बरोबर जुळतो. मग चुकतंय कोण? शिवाय तानपुरा घेणं आम्हाला सध्या परवडणार नाही. मोबाइलवरचा चालेल का?
– एक आई, चिपळूण

उत्तर : ताई, मुलगी चुकत नाही आणि गुरुजीही बरोबर सांगताहेत. ती पेटीशी अगदी तंतोतंत जुळवून घेते, म्हणूनच तिचा गंधार, म्हणजे ग, चढतो.

पेटीच्या सप्तकातले बारा सूर सारख्याच प्रमाणात एकापुढे एक चढत गेलेले असतात. म्हणून काळी चार असो की पांढरी एक, कुठूनही सा धरता येतो. पण या सोयीपायी सूर आपल्या जागेवरून थोडे हलवावे लागतात. पंचम इतका कमी हलतो की कळतही नाही. शुद्ध गंधार मात्र चांगलाच वर जातो.

आता तानपुरा. त्याची शेवटची, जाड पितळी तार म्हणजे खर्ज. ती एकच सूर देते असं आपल्याला वाटतं, पण तिच्या पोटात बरेच सूर असतात. जवारी (तारा ज्यावर टेकतात त्या घोडीचा घासून केलेला बाक) नीट लागली असेल आणि तारेखालचा दोरा योग्य जागी बसला असेल, तर खर्ज छेडल्यावर क्षणभराने वर गंधार तरंगताना ऐकू येतो. कुठल्याही तारेवर हा गंधार लावलेला नसतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. समजा, खर्जाची कंपनं सेकंदाला १२० आहेत. स्वयंभू गंधार त्याच्या बरोबर पाचपट, म्हणजे ६००. पेटीवर तोच गंधार साधारण ६०५ ला येतो. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला पाचेक हेलकावे पडतात. गुरुजींच्या कानाला टोचतात ते हेच हेलकावे.

मी शिकायला लागले तेव्हा गुरुजींनी पहिले काही आठवडे मला गायलाच दिलं नाही. 'खर्ज छेड आणि गप्प बस' एवढंच. भोपळ्याला कान लावून बसायचे, काहीच कळायचं नाही, रडू यायचं. मग एका संध्याकाळी गंधार ऐकू आला, आणि त्यानंतर तो कधी ऐकू आला नाही असं झालं नाही. आता मी माझ्या विद्यार्थिनींना इतकं ताटकळत ठेवत नाही. घोडीपासून वरच्या पट्टीपर्यंत तार मोजायला लावते. ती ९० सेंटीमीटर भरली, तर घोडीपासून १८ सेंटीमीटरवर बोट नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही, आणि दुसऱ्या हाताने तार मधोमध छेडायची. गंधार एकटा, स्वच्छ वाजतो. बोट काढून परत खर्ज छेडली की तोच आत ऐकू यायला लागतो. तुमच्या मुलीला गुरुजींच्या तानपुऱ्यावर, त्यांना विचारून, हे एकदा करून बघू द्या.

हा वाद काही आजचा नाही. सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी तारांची लांबी मोजून बावीस श्रुतींचा, म्हणजे सप्तकातल्या बारीक सुरांचा, हिशोब मांडला आणि १९१० मध्ये त्यावर पुस्तक काढलं. त्या प्रयोगांसाठी अब्दुल करीम खाँसाहेब गायले होते. पुढे क्लेमेंट्स या इंग्रज अधिकाऱ्याबरोबर बावीस श्रुतींची पेटीही तयार झाली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, पण जाणकारांना काही पटली नाही. मला यात देवलांचा कमीपणा वाटत नाही. त्यांची तळमळ खरीच होती. पण पट्टी दाबली की सूर तिथेच थांबतो, आणि आपला गंधार रिषभाकडून येताना वेगळा बोलतो, मध्यमाकडून उतरताना वेगळा. आकाशवाणीने १९४० पासून तीसएक वर्षं पेटीला बाहेर ठेवलं, त्यामागेही हेच आक्षेप होते.

म्हणून पेटी वाईट असं मात्र मी कधीच म्हणणार नाही. गोविंदराव टेंबे, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांची पेटी ऐकलेला माणूस तसं म्हणूच शकत नाही. काही वादक आपल्या सा-ला धरून पेटी 'गंधार ट्यूनिंग'मध्ये लावून घेतात, तिचा गंधार गोड लागतो. पण पेटी गाण्याच्या मागून यावी. शिकताना ती पुढे चालायला लागली, की कान आपण होऊन सूर शोधेनासा होतो.

मोबाइलवरचा तानपुरा चालेल, पण फोनच्या स्पीकरवर नको. एवढ्याशा स्पीकरमधून खर्ज नीट निघतच नाही. बरा स्पीकर जोडा, किंवा हेडफोन लावून आवाज बेताचा ठेवा. सकाळी दहा मिनिटं नुसतं ऐकायचं, मग सा आणि ग एवढेच दोन सूर. पुढेमागे पैसे जमले तर मिरजेला जाऊन तानपुरा घ्या, आणि मुलीला सोबत न्या. जवारी तिच्यासमोर लावून घ्या.

प्रश्न : मालकंस रागात पंचम नाही, मग तानपुऱ्याची पंचमाची तार कुठे लावायची? मारव्यात काय करायचं?
– एक विद्यार्थी, बेळगाव

उत्तर : मालकंसात ती मध्यमावर उतरवा. मारव्यात बहुतेक जण निषादावर लावतात, मीही तसंच करते. मणका (तारेत ओवलेला, सूर बारीक जुळवायचा मणी) शेवटी सरकवा, आधी खुंटीनेच जमवा.