लिंबाच्या रसाने ग्राफीनचा स्पंज होईल का?

तुमचा प्रश्न असा: बडोद्यात एम.एससी.चा प्रकल्प आहे, निसर्गाकडून घेतलेल्या पद्धतीने ग्राफीनचा (कार्बनच्या एका अणूइतक्या जाडीच्या पापुद्र्यांचा) स्पंज करायचा आहे, तर ग्राफीन ऑक्साइडमध्ये (ऑक्सिजन जोडलेल्या ग्राफीनमध्ये) लिंबाचा रस घातला तर चालेल का?

रस नको. ऑक्साइडमधला ऑक्सिजन काढायचं काम सी जीवनसत्त्व, म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, करतं; १०० ग्रॅम रसात ते जेमतेम ४०-५० मि.ग्रॅ. आणि सायट्रिक आम्ल सुमारे ५ ग्रॅम. एवढ्या आम्लात पापुद्र्यांना एकमेकांपासून दूर ठेवणारा ऋण भार कमी होतो आणि गुठळ्या होतात. गर नि साखर आत राहते ती वेगळीच. केमिकलवाल्याकडून शुद्ध अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल आणा.

निसर्गाकडून घ्यायचं ते बर्फाकडून घ्या. समुद्र गोठतो तेव्हा बर्फ मीठ बाहेर ढकलतो. तसेच ग्राफीनचे पापुद्रेही वाढत्या स्फटिकांच्या फटीत दाबले जातात आणि तिथे भिंती तयार होतात. ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या गटाने २०१२ मध्ये याच मार्गाने बुचासारखी लवचीक रचना मिळवली.

२० मि.लि. ऊर्ध्वपातित पाण्यात १०० मि.ग्रॅ. ग्राफीन ऑक्साइड आणि २०० मि.ग्रॅ. अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल घ्या. बोअरचं पाणी अजिबात नको, त्यातलं कॅल्शियम पापुद्रे जोडून टाकतं. उकळत्या पाण्यात भांडं न हलवता साधारण अर्धा तास ठेवा. तपकिरी रंग काळा पडून जेल नुकतं धरू लागलं की लगेच काढा. सगळं इथेच ठरतं. लवकर काढलं तर बर्फ वितळल्यावर पापुद्रे पुन्हा पाण्यात सुटतात. उशीर झाला तर जाळं आधीच घट्ट झालेलं असतं, बर्फ त्याला हलवू शकत नाही.

जेल ज्या नळीत गोठवायचं तिच्या बाजू टेफ्लॉनच्या आणि तळ तांब्याचा हवा, म्हणजे गारवा फक्त खालून चढतो. तळ कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) नि अल्कोहोलच्या मिश्रणावर टेका. अख्खी नळी बुडवलीत तर स्फटिक चहूबाजूंनी आत येतात आणि सरळ छिद्रं मिळत नाहीत. लिक्विड नायट्रोजनने छिद्रं आणखी बारीक होतात, पण नमुना तडकू शकतो. हवं असेल तर बडोद्यातल्या मकरपुऱ्यात गॅसवाल्यांकडे चौकशी करा, आणि वापरताना खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा. घरच्या फ्रीझरनेही स्पंज होतो, फक्त छिद्रं मोठी राहतात.

पूर्ण गोठल्यावर वितळू द्या, परत काही तास गरम करून क्षपण (ऑक्सिजन काढणं) पुरं करा, मग ऊर्ध्वपातित पाणी बदलत बदलत धुवा. शेवटी पुन्हा गोठवून फ्रीझ ड्रायरमध्ये (त्यात बर्फाची न वितळता थेट वाफ होते) एक-दोन दिवस. ड्रायर नाही म्हणून ओव्हनमध्ये घातलात तर आटणारं पाणी भिंती आत ओढतं आणि हाती कडक काळा खडा येतो.

ग्राफीन ऑक्साइड शक्यतो तयार घ्या. ते ग्रॅफाइटपासून बनवायच्या हमर्स पद्धतीत सल्फ्युरिक आम्लात पोटॅशियम परमँगनेट पडतं; तापमान ५५ अंशांच्या वर गेलं तर त्यातला मँगनीज हेप्टॉक्साइड स्फोट करू शकतो. स्वतःच करणार असाल तर धुण्यात कसूर नको. पोटॅशियमचे क्षार उरलेला कोरडा ग्राफीन ऑक्साइड ठिणगीनेही पेट घेतो.