वडिलांची अँजिओप्लास्टी आहे, केशरी रेशन कार्ड आहे. कोल्हापुरातलं रुग्णालय म्हणतंय ‘आधी पैसे भरा, योजनेतून परत मिळतील’. भरावेत का?

नाही, भरू नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत उपचार कॅशलेस असतात, स्वतः भरलेलं बिल नंतर परत मिळत नाही. दावा रुग्णालय करतं आणि त्यासाठी ऑपरेशनच्या आधी ऑनलाइन पूर्वमंजुरी लागते. म्हणून सावकाराकडून व्याजानं पैसे काढण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राचं, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचं, टेबल गाठा. रेशन कार्ड, वडिलांचं आधार, अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि सीडी सोबत ठेवा. बहुतेक वेळा गाडी नावावर अडते: कार्डावर ‘दत्तू’, आधारवर ‘दत्तात्रय’, किंवा वडिलांचं नाव कार्डात चढवलेलंच नसतं. कार्डाचा १२ अंकी ऑनलाइन क्रमांक नसेल तर तहसीलच्या पुरवठा शाखेतून आजच काढून घ्या. तातडीची केस असेल तर फोनवरून तात्पुरती मंजुरी मिळते, कागद नंतर देता येतात. आरोग्यमित्र दाद देत नसेल तर १५५३८८ वर तक्रार नोंदवा.

मात्र हे फक्त योजनेत अंगीकृत, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयातच चालतं, आणि आजार योजनेच्या यादीत हवा. रुग्णालय अंगीकृत नसेल, तर कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाचा हृदयरोग विभाग आधी पाहा. नाहीतर सध्याचं रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचं आहे का ते विचारा. तसं असेल तर १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत देणं त्यांना बंधनकारक आहे. तिथं तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. हा तुमचा हक्क आहे, मागताना संकोच करू नका.